तिसऱ्या घंटेआधीचा पेच

प्रश्न : मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचे संगणक सांभाळतो. शिक्षण कॉमर्सचं, लिनक्स हौसेने शिकलो. आमच्याकडे दोन यंत्रं आहेत. एकावर जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं साठवली आहेत, दुसऱ्यावर वाचकांसाठी ग्रंथसूची चालते. पहिल्यावरचा साठा एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्यावर जोडलेला आहे. गेल्या महिन्यात तोच साठा सूचीच्या फोल्डरमध्येही दिसावा म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये 'बाइंड'ची एक ओळ वाढवली. लगेच जोडून पाहिलं, व्यवस्थित चाललं. पण यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की भरवसा राहत नाही. कधी नेटवर्कच उठत नाही, कधी साठ्याचं फोल्डर रिकामं दिसतं. हाताने एकेक सेवा सुरू केली की सगळं सुरळीत. नोंदींमध्ये 'ऑर्डरिंग सायकल' असे शब्द दिसतात. माझे तीन प्रश्न आहेत. हे का होतं आणि उपाय काय? सुरुवातीला तीस सेकंद थांबण्याची आज्ञा घातली तर चालेल का? आणि कोणी आधी सुरू व्हायचं, कोणी नंतर, हे यंत्राला आपलं आपण का कळत नाही?

उत्तर : तुमचं यंत्र बिघडलेलं नाही आणि एनएफएसही ठीक आहे. एफएसटॅबमधल्या नव्या ओळीत एक शब्द राहून गेला आहे. तो घातला की पेच सुटेल. पण नुसता शब्द सांगून थांबले, तर पुढच्या वेळी दुसरी काही ओळ वाढवताना हाच पेच वेगळ्या रूपात समोर उभा राहील. म्हणून आधी पडद्यामागे काय चालतं ते पाहू. आज्ञा आणि फाइलींची नावं तुमच्या पडद्यावर रोमन लिपीत असतील. इथे ती उच्चाराप्रमाणे देते आहे.

पडद्यामागची लगबग

नाटकाच्या प्रयोगाआधीचे दोन तास डोळ्यांसमोर आणा. टेम्पो आला, सामान उतरलं. नेपथ्य उभं राहिल्याशिवाय दिवे कुठे रोखायचे ते ठरत नाही, म्हणून प्रकाशयोजनेचं काम नेपथ्याच्या मागे. रंगभूषेला नेपथ्याशी काही देणंघेणं नाही. ती आत त्याच वेळी सुरू असते. मग पहिली घंटा, दुसरी, तिसरी. घंटा स्वतः कुठलंच काम करत नाही. इथवरची कामं झाली, आता पुढच्यांनी हालचाल करावी, एवढंच ती सगळ्यांना एकदम कळवते.

लिनक्स सुरू होतानाही असंच घडतं. कर्नल उठतो, मूळ फाइल सिस्टम हाताशी येते आणि मग कर्नल पहिली प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक १. बाकी सगळ्या सेवा उभ्या करण्याची जबाबदारी तिची. आज बहुतेक लिनक्स वितरणांत ही पहिली प्रक्रिया म्हणजे 'सिस्टमडी'. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये तिची सुरुवात केली. २०११ मध्ये फेडोरा १५ ने ती स्वीकारली, आणि २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ सुद्धा तिच्यावर आले.

सिस्टमडीच्या भाषेत प्रत्येक कामाला 'युनिट' म्हणतात. सेवा हे एक युनिट, डिस्क जोडणं म्हणजे 'माउंट' हेही एक युनिट. घंटांना तिथे 'टार्गेट' असं नाव आहे. 'लोकल-एफएस' टार्गेट गाठलं म्हणजे या यंत्रातल्या डिस्क जोडून झाल्या. त्यानंतर 'सिसइनिट', म्हणजे प्राथमिक मांडामांड झाली. मग 'बेसिक', म्हणजे नेहमीच्या सेवांना रंगमंच मोकळा. आणि शेवटी 'मल्टी-यूजर', म्हणजे नाटकातल्या तिसऱ्या घंटेच्या जागी. तुमचा पेच तिसऱ्या घंटेपर्यंत जातच नाही. तो त्याआधीच्या घंटांच्या आसपासच पडतो.

'लागतं' आणि 'नंतर' यांत फरक आहे

या विषयात सर्वांत जास्त घोटाळा एका गोष्टीवरून होतो. एखादं काम दुसऱ्या कामाशिवाय होत नाही, ही एक बाब. एखादं काम दुसऱ्या कामाच्या नंतर व्हायला हवं, ही दुसरी बाब. बोलताना आपण दोन्ही एकाच वाक्यात उरकतो. सिस्टमडी ती वेगळी ठेवते.

नाटकात नायक आणि नायिका दोघंही आल्याशिवाय प्रयोग होत नाही. पण मेकअपला आधी कोण बसलं याने काही बिघडत नाही. म्हणजे गरज आहे, क्रम नाही. सिस्टमडीत याला 'रिक्वायर्स' म्हणतात. उलट एखादा पाहुणा कलाकार आला तर त्याने दुसऱ्या अंकानंतरच रंगमंचावर यायचं. नाही आला तर प्रयोग त्याच्यावाचून होतो. इथे क्रम आहे, गरज नाही. याला 'आफ्टर', आणि उलट्या बाजूने सांगायचं तर 'बिफोर'. तिसरा शब्द 'वॉन्ट्स' : असेल तर उत्तम, नसेल तर पुढे चला.

आता यातून काय निघतं ते बघा. एखाद्या सेवेच्या फाइलमध्ये 'रिक्वायर्स' लिहिलं आणि 'आफ्टर' लिहायचं राहिलं, तर सिस्टमडी दोन्ही सेवा एकाच क्षणी सुटतील अशी व्यवस्था करते. मग एखाद्या दिवशी जिची गरज आहे ती सेवा, समजा डेटाबेस, आधी तयार होते, एखाद्या दिवशी तिच्यावर विसंबलेली सेवा आधी धावते आणि तोंडघशी पडते. 'काल चाललं, आज नाही' या तक्रारींतल्या कितीतरी इथे जन्मतात.

शिवाय 'नंतर' म्हणजे नेमकं कशानंतर, हाही प्रश्न आहे. नट मेकअपरूममध्ये शिरला आणि नट तयार होऊन बाहेर आला, यांत बरंच अंतर असतं. साध्या प्रकारची सेवा तिची प्रक्रिया जन्माला आली की सिस्टमडी 'सुरू झाली' असं धरते. 'वनशॉट' प्रकारची सेवा आपलं काम आटोपून थांबली की पुरी झाली असं मानतात. 'नोटिफाय' प्रकारची सेवा स्वतः कळवते की मी तयार आहे, आणि तोवर मागचे थांबून राहतात. म्हणून क्रम बरोबर लिहूनही काम फसत असेल, तर जिची वाट बघायची त्या सेवेचा प्रकार आधी तपासावा.

तुमचं चक्र, एकेक कडी

आता तुमची ओळ. समजा, एनएफएसचा साठा 'एमएनटी'मधल्या 'साठा' फोल्डरवर जोडला आहे आणि तोच 'एसआरव्ही'मधल्या 'पुस्तके' फोल्डरवर बाइंड केला आहे. यंत्र चालू होताना सिस्टमडीचा एक छोटा मदतनीस एफएसटॅब वाचतो आणि प्रत्येक ओळीचं माउंट युनिट बनवतो. हे करताना जो क्रम तुम्ही लिहिलेला नाही, तोही तो स्वतः जोडतो. तुमचं चक्र या न लिहिलेल्या क्रमातूनच तयार झालं आहे.

बाइंडच्या ओळीकडे मदतनीस बघतो. तिचा प्रकार काही एनएफएस नाही, म्हणजे हे स्थानिक काम असं तो समजतो. स्थानिक माउंट 'लोकल-एफएस' घंटेच्या आधी व्हायला हवं, असा नियम तो तिला लावतो. ही पहिली कडी.

पण बाइंडचा स्रोत एनएफएसच्या फोल्डरात आहे. म्हणून बाइंड एनएफएस माउंटच्या नंतर. दुसरी कडी.

एनएफएस हा प्रकार मदतनीस ओळखतो. त्याला नेटवर्क लागणार, म्हणून तो 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेटच्या नंतर. तिसरी कडी.

नेटवर्क उठवणारा बहुतेक ठिकाणी नेटवर्कमॅनेजर असतो. 'नेटवर्क-ऑनलाइन' त्याच्या नंतर. चौथी कडी.

नेटवर्कमॅनेजर ही नेहमीची सेवा, म्हणून ती 'बेसिक' घंटेच्या नंतर. 'बेसिक' ही 'सिसइनिट'च्या नंतर. आणि 'सिसइनिट' ही 'लोकल-एफएस'च्या नंतर. पण 'लोकल-एफएस' तर तुमच्या बाइंडची वाट बघत बसलं आहे.

आपल्याकडे म्हणतात ना, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. इथे नेमकं तसंच झालं. साठा जोडल्याशिवाय नेटवर्क नाही, नेटवर्क आल्याशिवाय साठा नाही. हाताने सुरू केल्यावर सगळं का चालतं, तेही यातून कळतं. त्या वेळी सगळ्या घंटा वाजून गेलेल्या असतात, त्यामुळे वाट बघणारं कोणी उरलेलं नसतं.

असं चक्र सापडलं की सिस्टमडी अडून बसत नाही. यंत्र चालू व्हायलाच हवं, म्हणून ती चक्रातलं एक काम त्या वेळेपुरतं रद्द करते आणि साखळी तोडते. सगळा प्रयोग ज्याच्यावर अवलंबून आहे, म्हणजे 'रिक्वायर्स'च्या साखळीने जे बांधलेलं आहे, त्याला ती हात लावत नाही. 'वॉन्ट्स'ने आलेलं एखादं काम बळी जातं. ते काम दोषी असेलच असं नाही, आणि दर वेळी तेच काम बळी जाईल याचीही शाश्वती नाही. एखाद्या दिवशी नेटवर्क का उठत नाही आणि दुसऱ्या दिवशी साठा रिकामा का, याचं उत्तर हे. दोष एकच असतो, चटका मात्र रोज वेगळ्याला बसतो.

नोंदी वाचताना हे लक्षात ठेवा. 'जर्नलसीटीएल हायफन बी' ही आज्ञा या वेळच्या सुरुवातीपासूनच्या नोंदी दाखवते. त्यात 'सायकल' शब्द शोधा. तिथे चक्रातल्या सगळ्या कड्यांची नावं आणि कोणतं काम रद्द केलं ते सापडेल. ज्याचं काम रद्द झालं त्याच्या मागे लागू नका. कड्यांची नावं कागदावर गोलात लिहा, बाणांनी जोडा आणि प्रत्येक बाणाला विचारा : हे खरोखर याच्या नंतर व्हायला हवं का? एनएफएसला नेटवर्क लागतं, खरं. नेटवर्कमॅनेजरला मांडामांड झालेली लागते, खरं. हा बाइंड स्थानिक डिस्कबरोबर व्हायला हवा? हे मात्र खोटं. तो स्थानिक नाहीच.

या सगळ्यातून मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. चक्र दिसलं म्हणजे यंत्राचा गोंधळ झाला असं समजू नका. तुमच्या नावावर कुठेतरी एक असत्य विधान नोंदलं गेलं आहे, आणि यंत्र ते प्रामाणिकपणे पाळतं आहे. आपलं काम ते विधान शोधून दुरुस्त करणं.

उपाय

एफएसटॅबच्या प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात. चौथा रकाना पर्यायांचा. बाइंडच्या ओळीत तिथे 'बाइंड' आहे. त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन, मध्ये जागा न सोडता, अंडरस्कोअर आणि 'नेटडेव्ह' असं लिहा. या एका शब्दाचा अर्थ : हे माउंट नेटवर्कवर अवलंबून आहे. मग मदतनीस ते 'लोकल-एफएस'ऐवजी 'रिमोट-एफएस' घंटेच्या गटात टाकतो आणि चक्र मुळातच तयार होत नाही. फाइल जतन केल्यावर 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' ही आज्ञा द्या, म्हणजे एफएसटॅब पुन्हा वाचली जाईल.

यंत्र पुन्हा चालू करण्याआधी एक तपासणी करा. 'सिस्टमडी-ॲनालाइज व्हेरिफाय' आणि पुढे 'डिफॉल्ट' टार्गेटचं नाव, अशी आज्ञा दिली की ती सगळी जुळणी कागदावरच्यासारखी करून पाहते आणि चक्र असेल तर सांगते. सगळ्या सेवा बंद न करता रंगीत तालीम होते ती अशी.

दुसरी बाजूही सांभाळा. आता बाइंड थोडा उशिरा होईल. ग्रंथसूचीची सेवा त्याच्या आधी सुरू झाली तर तिला रिकामं फोल्डर दिसेल. म्हणून सूचीच्या सेवेला सांगा की हे फोल्डर जोडलेलं असल्याशिवाय तू सुरू होऊ नकोस. 'सिस्टमसीटीएल एडिट' आणि सेवेचं नाव दिलं की पुरवणी फाइल उघडते. तिथे 'युनिट' या भागात 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' हा निर्देश, हायफन न घालता सलग, आणि त्याच्यापुढे 'पुस्तके' फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा. या एका ओळीत गरज आणि क्रम दोन्ही येतात.

काही जण अशा वेळी चौथ्या रकान्यात 'नोफेल' लिहितात. त्यानेही चक्र तुटतं, कारण 'नोफेल' असलेलं माउंट घंटेच्या आधी व्हावं ही अटच उरत नाही. पण त्याचा अर्थ वेगळा आहे : हे जोडलं गेलं नाही तरी चालेल. वाचनालयाचा मुख्य साठा नसून चालेल का? चालणार नसेल तर तसं लिहू नका. घरच्या यंत्राला कधीमधी लावायच्या बाहेरच्या डिस्कसाठी मात्र 'नोफेल' अगदी योग्य. तो नसेल आणि डिस्क लावलेली नसेल, तर सिस्टमडी सहसा दीड मिनिट वाट बघते आणि मग आणीबाणीच्या स्थितीत नेऊन उभी करते.

स्वतःची सेवा लिहिताना पडणारा छोटा फास

तुमच्यासारखे हौसेने शिकलेले लोक कधी ना कधी स्वतःची सेवा लिहितात, म्हणून याच जातीचा आणखी एक पेच सांगून ठेवते. समजा, एखादी छोटी सेवा अगदी लवकर, 'सिसइनिट' घंटेच्या आधी चालायला हवी. तुम्ही तिच्या फाइलमध्ये 'बिफोर' आणि पुढे 'सिसइनिट' टार्गेट असं लिहिता. वरवर सगळं बरोबर दिसतं आणि तरी चक्र तयार होतं.

कारण असं, की प्रत्येक सेवेला सिस्टमडी काही नियम न सांगता लावते. त्यातला एक म्हणजे तिने 'सिसइनिट' आणि 'बेसिक'च्या नंतर सुरू व्हावं. नव्व्याण्णव सेवांसाठी ही सोय असते. तुमची शंभरावी सेवा मात्र एकाच घंटेच्या आधीही आणि नंतरही असल्याचं सांगते. अशा सेवेत 'डिफॉल्ट-डिपेंडन्सीज' हा निर्देश, तोही हायफनशिवाय सलग, 'नो' असा लिहावा लागतो. त्यासोबत आणखी दोन ओळी हाताने लिहाव्यात : 'कॉन्फ्लिक्ट्स' आणि 'बिफोर', दोन्हींपुढे 'शटडाउन' टार्गेट. नाहीतर यंत्र बंद करताना ही सेवा वेळेत थांबेल याची हमी राहत नाही. बंद होताना सगळा क्रम उलटा होतो, जसा प्रयोग संपल्यावर सर्वांत शेवटी लावलेला दिवा आधी उतरतो आणि नेपथ्य नंतर.

आणखी एक बारकावा, ज्याने मला स्वतःला एकदा अर्धा दिवस अडवून ठेवलं होतं. वितरणासोबत आलेल्या सेवेतला एखादा 'आफ्टर' तुम्हाला नको आहे. पुरवणी फाइलमध्ये 'आफ्टर' रिकामा लिहिला तर तो पुसला जाईल असं वाटतं, कारण इतर काही निर्देश तसे पुसले जातात. पण क्रम आणि गरज सांगणारे निर्देश पुरवणीतून फक्त वाढवता येतात, काढता येत नाहीत. काढायचेच असतील तर 'सिस्टमसीटीएल एडिट' आज्ञेला 'फुल' हा पर्याय देऊन सबंध फाइलची तुमची प्रत करावी लागते आणि त्या प्रतीतून ती ओळ काढावी लागते.

तीस सेकंद थांबून चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देते : नको. तुमच्या चक्रावर त्याचा काही उपयोगही होणार नाही, कारण सिस्टमडी काम रद्द करते ते पहिली सेवा सुरू होण्याआधी, नुसती जुळणी करतानाच. तीस सेकंदांची वाट बघायला तुमची सेवा उरेलच असं नाही.

पण चक्र नसेल तिथेही मी ही सवय सोडायला सांगेन. एका ठिकाणी रात्री वीज जाऊन आल्यावर सगळी यंत्रं एकदम उठली, तेव्हाचा प्रसंग माझ्या समोरचा आहे. एका सेवेच्या सुरुवातीला वीस सेकंद थांबण्याची आज्ञा होती. एरवी पुरायची. त्या रात्री नेटवर्कचा स्विचच उशिरा तयार झाला, वीस सेकंद संपले, सेवा सुरू झाली आणि ज्याच्याशी बोलायचं ते यंत्र न सापडल्याने पडली. कोणीतरी ती आज्ञा पस्तीस सेकंदांची केली. म्हणजे वर्षाचे तीनशे साठ दिवस सगळे उगाच थांबणार आणि पुढच्या वाईट रात्री पस्तीसही अपुरे पडणार. मी ती आज्ञा काढली, त्या जागी 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' अशा दोन ओळी 'नेटवर्क-ऑनलाइन'साठी लिहिल्या आणि पडल्यास पुन्हा उठण्याची सोय दिली. तेव्हापासून ती सेवा नेटवर्क येईपर्यंत थांबते, मग ते तीन सेकंदांत येवो की दोन मिनिटांत.

घड्याळ बघून पडदा उघडायचा नसतो. नेपथ्य लागलं का ते बघून उघडायचा असतो. यंत्रालाही घटना सांगावी, वेळ सांगू नये.

इथे एक नाव फार फसवतं. 'नेटवर्क' टार्गेट आणि 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेट ही दोन वेगवेगळी आहेत. पहिल्याचा अर्थ फक्त इतकाच, की नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली. पत्ता मिळाला का, तार जोडलेली आहे का, याची ते हमी देत नाही. ती हमी दुसऱ्याची. आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'आफ्टर' एकटं पुरत नाही; 'वॉन्ट्स'ही लिहावं लागतं, नाहीतर त्याला कोणी बोलावलंच नसेल तर त्याच्या नंतर थांबण्याला काही अर्थ उरत नाही. 'लागतं' आणि 'नंतर' वेगळे असण्याचा हा रोजचा धडा.

यंत्राला आपलं आपण का कळत नाही?

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडला. क्रम लावण्याचं गणित यंत्राला उत्तम जमतं. क्रमाचं कारण त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

गणित सोपं आहे आणि फार जुनंही नाही. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 'पर्ट' नावाची आखणीची पद्धत तयार झाली. कामांची प्रचंड जाळी, आणि प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या कामाच्या नंतर. १९६२ मध्ये आर्थर कान यांनी अशी जाळी ओळीत लावण्याची रीत प्रसिद्ध केली. ज्याला कोणाचीच वाट बघायची नाही ते काम उचला, यादीत टाका आणि त्याची वाट बघणाऱ्यांच्या मनातून ते खोडा. आता नवी कामं मोकळी होतील, तीही उचला. असं करत शेवटाला आलात तर क्रम लागला. कामं उरली आहेत पण मोकळं एकही नाही, तर चक्र आहे. लिनक्सच्या प्रत्येक सुरुवातीला सिस्टमडीपुढे हेच कोडं असतं, फक्त तिथे एका वेळी जी जी कामं मोकळी असतील ती सगळी ती एकदम सोडते.

सिस्टमडीआधीच्या जुन्या व्यवस्थेत मुळात ही सोयच नव्हती. 'सिस्टम फाइव्ह' पद्धतीत प्रत्येक सेवेच्या दुव्याच्या नावात दोन आकडी क्रमांक असायचा. रेड हॅटच्या यंत्रांवर नेटवर्कला १०, एसएसएचला ५५, सेंडमेलला ८०. यंत्र आकड्यांच्या क्रमाने एकेक सेवा सुरू करायचं. एक अडली की मागच्या सगळ्या थांबायच्या. आकड्यांच्या रांगेत चक्र कधीच होत नाही, हा तिचा एक फायदा. पण ५५ हा ५५ का, ५२ चालला असता का, हे आकडा सांगत नाही. रांगेत कोणाच्या मागे उभं राहायचं एवढं टोकन सांगतं. का, ते सांगत नाही. नवीन सेवा आली की लोक अंदाजाने मधला एखादा आकडा द्यायचे. 'आफ्टर'सारख्या निर्देशांनी आकड्यांच्या जागी नातं आणलं. नातं लिहिता येऊ लागलं तसं चुकीचं नातंही लिहिता येऊ लागलं, आणि ते चक्राच्या रूपाने उघडं पडू लागलं. मला तरी हा सौदा फार चांगला वाटतो. आकड्यांच्या काळात तुमची बाइंडची चूक वर्षानुवर्षं दडून राहिली असती.

काही ठिकाणी तर क्रम सांगण्याची गरजच संपवता येते. नाट्यगृहाची तिकीट खिडकी उघडी असेल तर तिकीट देणारा दहा मिनिटं उशिरा बसला तरी रांग मोडत नाही. लोक उभे राहतात. ॲपलच्या 'लाँचडी'ने २००५ मध्ये ही कल्पना आपल्या संगणकांवर सर्वत्र वापरली आणि सिस्टमडीने तिला लिनक्सवर मध्यवर्ती जागा दिली. सेवेचं सॉकेट, म्हणजे तिची खिडकी, आधी उघडून ठेवायची. निरोप येत राहतात, कर्नल ते धरून ठेवतो आणि सेवा उठली की ते तिच्या हाती देतो. दोन सेवांपैकी आधी कोण, हा वादच मिटतो. म्हणून नवीन सेवा निवडताना ती सॉकेटवरून सुरू होऊ शकते का ते पाहा. जो क्रम लिहावाच लागत नाही, त्याचं चक्रही होत नाही.

जिथे क्रम लिहावा लागतो तिथे मात्र खरा असेल तेवढाच लिहा. 'असू दे, बिघडलं तर काय' म्हणून वाढवलेला प्रत्येक 'आफ्टर' कुणाला तरी विनाकारण थांबवतो, आणि उद्याच्या एखाद्या चक्राची कडी होऊ शकतो.

आणि एक विनंती. एफएसटॅबमध्ये ती ओळ दुरुस्त केलीत की तिच्या वर, हॅशचं चिन्ह देऊन, स्वतंत्र ओळीत कारण लिहून ठेवा : 'हा साठा एनएफएसवरून येतो, म्हणून नेटडेव्ह, काढू नये.' सोबत तारीख घाला. वाचनालयात उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी बसेल, कदाचित तेही हौसेनेच शिकलेलं. यंत्राला नातं कळलं की ते काम करतं. पण त्या नव्या माणसाला नात्यामागचं कारण हवं असेल, आणि ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहू शकत नाही.